हळू दाखवायचं तर मला पळवा

त्या दिवशी बाळकुमच्या खाडीवर आभाळ धुतल्यासारखं होतं. सकाळचं धुकं विरलेलं, वारा पडलेला, आणि ऊन असं लख्ख की चिखलावर चालणाऱ्या चिंबोरीचीसुद्धा सावली दिसावी. इतकं चांगलं ऊन माझ्या वाट्याला फार कमी वेळा आलं. आणि नेमकं तेच वाया गेलं. ते अजून पोटात सलतंय, म्हणून आज बोलायला बसलोय.

मी चावीचा फिल्म कॅमेरा. मला बॅटरी नाही, वायर नाही. कुशीला चावी आहे. ती पिळली की पोटातली स्प्रिंग आवळते, आणि खटका दाबला की करकर करत फिल्म पुढं सरकते. शाळा मी पाहिली नाही. पण माझ्या पोटातनं जे जातं, ते मला कळतं.

लांबच्या एका थंड गावात, घड्याळं करणाऱ्यांच्या हातून माझा जन्म झाला. बोटीनं मुंबईला आलो. एका साहेबानं माझ्याकडून बरीच वर्षं गिरण्यांच्या, धरणांच्या फिल्मा काढून घेतल्या. साहेब थकला तसा मी जुन्या बाजारात गेलो, आणि तिथनं मला कळव्याच्या कुंडलिकनं उचललं. ही ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. कुंडलिकचा फोटो स्टुडिओ होता. माणूस वाईट नाही हो, पण घाईचा.

माझ्या अंगावर एक चकती आहे. तिच्यावर आठापासून चौसष्टपर्यंत आकडे आहेत. एका सेकंदात मी किती चित्रं काढायची ते त्यावर ठरतं. पडद्यावर दाखवणारा प्रोजेक्टर मात्र आपल्या एकाच चालीनं चालतो, सेकंदाला चोवीस. आता बघा, मी पळत पळत चौसष्ट चित्रं काढली, तर ती दाखवायला त्याला जास्त वेळ लागणार. मग माणसाची हालचाल पडद्यावर तेलाची धार सुटावी तशी संथ उतरते. हळू दाखवायचं तर मला पळवायचं. एवढंच माझं शास्त्र. फक्त पळताना प्रत्येक चित्राला उजेड थोडा मिळतो, म्हणून ऊन कडक लागतं.

एक दिवस बाळकुमचा रतन स्टुडिओत आला. जातीचा कोळी, पण वर्तकनगरच्या बाजूला एका कंपनीत कामाला. समोरचा दात अर्धा तुटलेला.

"कुंडलिकभाऊ, सिनेमात मारामारीत माणूस कसा हळूहळू उडतो, तसं काढता येईल काय?"

"कोणाला उडवायचंय?"

"आमच्या आबांना."

कुंडलिक हसला, पण रतनचं काम खरं होतं. त्याचे आबा, दामाजी, पाग टाकायचे. पाग म्हणजे गोल जाळं, काठाला शिशाच्या गोळ्या. थोडं हातात, थोडं कोपरावर आणि काठाचा एक भाग दातात धरायचा, कमरेतनं गिरकी घेऊन फेकायचं. दात लवकर सोडले तर पाग बोचक्यासारखा पडतो. उशिरा सोडले तर रतनसारखा दात जातो. कधी सोडायचे, ते डोळ्यांनी कुणालाच दिसत नव्हतं. आबांना विचारलं तर म्हणायचे, "ते सांगता येत नाय रे. दातालाच कळतं." आणि आबांचा खांदा निकामी होत चाललेला. डॉक्टरनं पाग बंद करायला सांगितलेलं. पाड्यात दुसरा कुणी टाकणारा उरला नव्हता.

म्हणून ती लख्ख सकाळ. दामाजी गुडघाभर पाण्यात उभे. कुंडलिकनं मला तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलं, चावी पिळली आणि म्हणाला, "स्लो पायजे ना? मग एकदम स्लोच लावतो." असं म्हणून त्यानं चकती फिरवली आणि आठावर आणून ठेवली.

आठावर! अरे बाबा, उलटं! किती ओरडलो मी आतल्या आत. पण मला तोंड म्हणजे एक खटका, आणि तोही दुसऱ्यानं दाबायचा.

दामाजींनी गिरकी घेतली. पाग उन्हात परातीसारखा उघडला आणि पाण्यावर गोल बसला. शेजारची आवडाबाई बांधावर बोंबील वाळवत होती. ती ओरडली, "दामाजी, सिनेमात जायचं म्हून आज पाग लय गोल पडतोय!" दामाजी लाजले आणि पुन्हा टाकला. फिल्म संपेपर्यंत टाकत राहिले. बाहेर आले ते खांदा धरून.

"आलं काय रे सगळं?"

"आलं, आबा. एकदम स्लो!" कुंडलिक म्हणाला.

त्यानंतर दामाजींचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही.

शिमग्याच्या आधी फिल्म धुऊन आली. अंगणात चादर बांधली, अख्खा पाडा जमला. आणि पडद्यावर आबा माकडासारखे टुणटुण उड्या मारायला लागले! पाग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडून पडायचा. वर प्रत्येक चित्रावर ऊन जास्त बसलेलं, म्हणून सगळं पांढुरकं. लोक पोट धरून हसले. आबाही हसले. रतन नाही हसला.

कुंडलिक घाबरून प्रोजेक्टर हातानं हळू फिरवायला लागला. पण हळू फिरवून काय होणार? एका चित्रात काठ दातात, पुढच्या चित्रात पाग हवेत. मधलं चित्र मी काढलंच नव्हतं, ते कुठनं येणार? रतन चादरीला नाक लावून म्हणत होता, "परत लाव. परत लाव." हे आठवलं की माझी स्प्रिंग अजून आवळते.

पुढं व्हिडिओ आला. मी कपाटात गेलो. कुंडलिक लग्नं काढायचा आणि मिक्सिंगमध्ये स्लो करायचा. नवरी हार घालताना उचकी लागल्यासारखी थांबत थांबत पुढं यायची. लोक म्हणायचे, वा! मी काचेतनं बघायचो. पुन्हा तेच, चित्रं थोडी आणि ताण जास्त. सांगणार कुणाला?

कुणा जाणत्यानं कुंडलिकला चकतीचं गुपित सांगितलं, तोवर दामाजी जाऊन वर्ष झालं होतं. कुंडलिकनं कपाळावर हात मारला. मला फडक्यात गुंडाळून बाळकुमला घेऊन आला, रतनच्या हातात दिलं आणि चहा न घेता निघून गेला.

आता मी रतनच्या ओट्यावर असतो. समोरच्या शेतात भराव पडलाय, इमारती उठतायत. कामावरून आला की रतन माझी चकती चौसष्टवर लावतो, चावी पिळतो, खटका दाबतो. पोटात फिल्म नसते, तरी मी जीव तोडून पळतो. मला फार काही नको. एकदा फिल्म भरा, एकदा तसलं ऊन दाखवा आणि मला पळू द्या. दात कधी सुटतात ते मी दाखवतो.

पण दाखवणार कुणाचं? हे मला सुचायच्या आधी आवडाबाईला सुचलं. काल ती टोपली घेऊन ओट्यासमोर थांबली आणि रतनला म्हणाली, "रिकामं डबडं काय फिरवत बसलास रे? आबाचे दात आबासंगं गेले. तुझे हायत ना तोंडात? मग काढ तो पाग, भरती लागलीय. आणखी एखादा तुटला तर तुटला."