शेकायच्या पिशवीच्या दोन बाह्या

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रबराची, अंगावर खडबडीत रेघा आणि डोक्यावर बूच. एके काळी मी टोमॅटोसारखी लालचुटुक होते. आताचा रंग विचारूच नका. मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तुम्ही तर आधी, जरा जवळ सरकून बसा. मला तोंड आहे, पण जन्मभर त्यात बूच होतं. आज ते उघडून सगळं सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून आम्ही बहिणी एकामागून एक बाहेर पडलो, सगळ्या अगदी एकसारख्या. मग आमची परीक्षा! हवा भरून आम्हाला पाण्यात बुडवलं. जिच्यातून बुडबुडा आला ती नापास. मी पहिल्याच फटक्यात पास झाले आणि औषधांच्या दुकानात काचेमागे ऐटीत जाऊन बसले.

तिथून मला आईने घरी आणलं. घरात तिघीच होत्या. आई लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करायची, म्हणून तिची कंबर हे माझं पहिलं काम. थोरली लेक ताई आणि तिच्याहून बारा वर्षांनी लहान धाकटी. ताई शाळा संपवून तान्ह्या मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात लागली. दर महिन्याला पाळीचे पहिले दोन दिवस तिचं पोट फार दुखायचं आणि मी तिच्या पोटावर असायचे.

एकदा पाणी जरा जास्तच गरम झालं आणि तिला चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून पिवळ्या कापडाचा उरलेला तुकडा आणला आणि मला छानसा अभ्रा शिवला. वर गंमत म्हणून त्याला दोन बाह्या लावल्या. इवल्याशा, चुणीदार, झबल्याला असतात तशा.

"ताई, पिशवीला बाह्या कशाला गं? तिला हात कुठे आहेत?" धाकटीने विचारलं.

"असू देत. माझं बाळ होईपर्यंत हिच्यावर सराव करते."

"आणि बाळ खूप रडलं तर?"

"तर बूच घट्ट लावू!"

"आधी लग्न तर कर बाई," आई म्हणाली, "मग काय लावायचं ते लाव." तिघी पोट धरधरून हसल्या. ताईला खरोखरच मुलांचं वेड होतं. रोज शंभर झबली शिवूनही एखादं हातात धरून ती म्हणायची, "बघ ना आई, एवढासा गळा! यातून डोकं जातं तरी कसं?"

ते माझे सोन्याचे दिवस होते, मित्रांनो. माझं कौतुक तर विचारू नका. "ही पिशवी म्हणजे अर्धी डॉक्टर," असं आई शेजारपाजारी सांगायची आणि मी पाणी नसतानाही फुगायचे.

मग हळूहळू माझं काम वाढलं. दोन दिवसांचे पाच झाले, पाचाचे दहा. पाळी संपली तरी मी ताईच्या पोटावरच. ती दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि म्हणायची, "पोट गच्च झालंय गं." तरी स्कर्टचा हूक तिने दोनदा सैल करून घेतला. धाकटी चिडवायची, "जेवत नाहीस आणि फुगतेस कशी? तू या पिशवीवर गेलीयस!"

"दवाखान्यात जाऊन येऊ का गं?" ताईने एकदा विचारलं होतं.

आईचं लक्ष इस्त्रीच्या कपड्यांत होतं. "अगं, बायकांच्या पोटाचं असंच असतं. मला काय कमी दुखायचं? शेक जरा, बरं वाटेल."

आणि मेलं खरंच बरं वाटायचं! तेच तर वाईट झालं. मी ऊब दिली की दुखणं तासभर मागे सरायचं, ताई उठून कामाला लागायची आणि दवाखान्याचं राहून जायचं. मला मात्र कळत होतं. डाव्या बाजूला माझ्याखाली काहीतरी घट्ट होतं. आधी ते लिंबाएवढं होतं, मग मोसंबीएवढं झालं. मी आतल्या आत गुडगुडायचे. पण पिशवीचं गुडगुडणं कोण मनावर घेतो?

शेवटी ते बोलली धाकटी. एका दुपारी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून वाचत होती, ती एकदम उठून बसली. "ताई, तुझ्या पोटात काहीतरी कडक आहे."

आईने हसत हसत हात लावला. हात तिथेच थांबला आणि हसूही.

मोठ्या दवाखान्यात मीही गेले, ताईच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. मग एक शांत चेहऱ्याच्या डॉक्टरबाई समोर बसल्या.

"कधीपासून दुखतंय?"

"झाले दोनेक महिने," आई घाईने म्हणाली.

"दीड वर्ष," ताई म्हणाली.

"मग दीड वर्ष काय केलंस?"

ताईने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. बाह्यांसकट. डॉक्टरबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी एक कागद घेऊन चित्र काढलं. मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय. डाव्यावर त्यांनी फुली मारली. "इथे कर्करोगाची गाठ दिसते. हे काढावंच लागेल." मग उजवं अंडाशय आणि गर्भाशय मिळून गोल काढला. "तुझं वय चोवीस. हे ठेवायचा मी पूर्ण प्रयत्न करीन."

"एक पुरतं?" ताईचा आवाज एवढासा झाला होता.

"पुरतं. एकावर पाळी येते, मूलही होऊ शकतं. पण फोटोत सगळं दिसत नाही. पोट उघडल्यावर आजूबाजूचे तुकडे तेव्हाच तपासायला पाठवीन. रोग पसरला असेल, तर गोलातलंही काढावं लागेल. तशी परवानगी तुला आधीच द्यावी लागेल."

ताईने सही केली. मग चित्राचा कागद मागून घेतला आणि तो गोल पेनने पुन्हा एकदा गिरवला. चांगला जाड.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ताईला आत नेलं. मी रिकामीच होते. बाहेरच्या बाकावर आईने मला मांडीवर घेतलं होतं आणि माझी एक बाही ती बोटांनी चुरगळत होती. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या उभ्याने बोलल्या नाहीत, आईशेजारी बाकावर बसल्या. तेव्हाच मला कळलं.

"उजव्या बाजूलाही होतं. गर्भाशयावरही. ठेवलं असतं, तर तिचा जीव धोक्यात आला असता. सगळं काढावं लागलं."

आईने विचारलं, "मीच शेकून शेकून वाढवलं का हो?"

"नाही. शेकल्याने हा रोग वाढत नाही. दुखणं फक्त झाकलं जातं."

"आणि आधी आणली असती तर?"

"कदाचित राहिलं असतं. कदाचित नाही. नक्की मी तरी सांगू शकत नाही."

मित्रांनो, मी उकळतं पाणी पोटात घेतलं आहे. पण त्या 'कदाचित'सारखं मला काहीच भाजलं नाही.

संध्याकाळी ताई शुद्धीवर आली. ओठ सुकलेले. तिने फक्त विचारलं, "गोल की फुली?"

आईच्या पदरात तो कागद होता. तिने काढला नाही. ताईने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीकडे मान वळवली.

नंतर औषधांचे महिने आले. केस गेले, भुवया गेल्या. ताई जगली. सगळे म्हणतात, नशीब म्हणायचं. ती हो म्हणते. कारखान्यात परत गेली, पण तिने काम बदलून घेतलं. आता ती मोठ्यांचे पायजमे शिवते. आईने मला दाराआड खिळ्याला टांगलं. माझं रबर आतून चिकटायला लागलं आहे.

गेल्या आठवड्यात धाकटीचं पोट दुखलं. आईने सवयीने पाणी तापत ठेवलं आणि मला खाली काढलं. ताईने मला तिच्या हातातून घेतलं.

"कधीपासून दुखतंय?" तिने धाकटीला विचारलं.

"सकाळपासूनच गं. पाळी आलीय."

"बरं. आज शेक. दोन दिवसांत थांबलं नाही, किंवा पाळी नसताना दुखलं, तर मला सांगायचं. आईला नाही, मला."

आई उकळणाऱ्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

मैत्रिणींनो, एवढंच मागते. मला खुशाल वापरा, पण मला डॉक्टर म्हणू नका. दुखणं पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर ते घरातल्या मोठ्यांना ओरडून सांगा. त्यांनी नाही ऐकलं, तर आणखी कुणाला तरी सांगा.

त्या दिवशी मला भरण्याआधी ताईने माझा अभ्रा उतरवला. खिडकीशी बसून, शिवण उसवायच्या सुईने तिने दोन्ही बाह्या एकेक टाका करून काढल्या. कापड कुठेही फाटू दिलं नाही. मग बाह्यांच्या जागची भोकं शिवून बंद केली, मला त्यात घातलं, गरम पाणी भरलं आणि धाकटीच्या पोटावर ठेवलं.

"बाह्या का काढल्यास?" धाकटीने विचारलं.

"हात कुठे आहेत तिला?" ताई म्हणाली.