लादीखालचा चिखल

आनंदीबाईंचं कर्जतचं घर उतारावर होतं. पुढचा दरवाजा रस्त्याला लागून, आणि घरातून सात पायऱ्या उतरलं की तळघर. तिथे त्या मुलींना शिवण शिकवायच्या. एकोणीसशे एकाहत्तरच्या वैशाखात त्यांनी कडावहून लडकू गवंड्याला बोलावून घेतलं. तळघरातली शहाबादी फरशी दोनच वर्षांपूर्वी त्यानेच घातली होती.

"लादीच खराब निघाली बघ," बाई म्हणाल्या. "भर उन्हाळ्यात ओल धरते. कापडाला बुरशी, मशिनींना गंज. त्या लादीवाल्याला मी सोडणार नाही."

लडकूने मान डोलावली. बाईंनी दुसऱ्यालाच धरलं होतं, त्याला बोलायची गरज नव्हती. त्याची बायको जना मात्र त्याच्याकडे बघत राहिली. फरशी घातली त्या वेळी घमेली तिनेच वाहिली होती.

आधी सामान हलवायचं होतं. सहा मशिनी दोघांनी वर नेल्या. कापड कापायच्या मोठ्या टेबलाला आणि सागवानी कपाटाला स्टेशनवरचे चार हमाल आणले. कपाटाखाली गोणपाट सारून त्यांनी ते पायऱ्यांपर्यंत ओढलं, दोर बांधला आणि उचललं. तिसऱ्या पायरीवर कपाटाचा मागचा पाय मोडला. ओलीने तो आतून पार कुजला होता.

कपाट कलंडलं ते मागून टेकू देणाऱ्या जनाच्या अंगावर. लडकूने धावत जाऊन खाली पाठ लावली.

"सरक, जने! भाईर हो!"

जना भिंतीला घासत निसटली. हमालांनी दोर आवळला, कपाट सावरलं. तिचं कोपर सोलवटलं होतं, बाकी काही झालं नाही. लडकू पायरीवर बसला.

"लादी काढूया," जनाच म्हणाली.

त्याने पहार घातली. पहिली लादी उचलली तर खाली काळा चिखल, पाणी सुटलेला. दुसरीखाली तेच. बाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"आवो, बोला की आता," जना हळूच म्हणाली.

लडकूने पहार भिंतीला टेकवली. "बाई, लादी चांगली हाय. खोट माझी हाय. हितं दीड हात खणून दगडांचं सोलिंग घालायला पायजे व्हतं, मंग मुरूम. तवा पावसाळा तोंडावर आला व्हता, खालापूरचं काम खोळंबलं व्हतं. मी सोलिंग घातलंच नाय. मातीवर लादी बसवली."

बाई खाली उतरून चिखलापाशी आल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. आणि मघाशी मान डोलावलीस ती?"

"चुकलंच. आता मजुरी नको मला."

"तुला देणारही नाही. जनाची मात्र रोजच्या रोज देईन. आणि जाता जाता लादीवाल्याकडे जा, हेच त्याला सांग. मी नंतर विचारणार आहे त्याला."

ते सांगायला जाणं लडकूला खणण्यापेक्षा जड गेलं. लादीवाला पहिल्यांदा हसला, मग त्याने चार शिव्या घातल्या, आणि शेवटी चहा मागवला.

काम अकरा दिवस चाललं. चिखल उपसला, नदीचे गोटे टाकले, त्यावर मुरूम पसरून धुमसाने ठोकला. लादीखाली साचेल ते पाणी परसाकडे निघावं म्हणून लडकूने उताराकडे एक खापरी नळ काढला. लाद्या जुन्याच, घासून पुन्हा बसवल्या. कपाटाला सुताराकडून नवा पाय करून घेतला.

श्रावणात तो बाजाराला आला तेव्हा न बोलावताच बाईंकडे गेला. तळघरात मशिनी चालू होत्या. मुली बघत असतानाच तो वाकला आणि लाद्यांवरून हात फिरवत गेला. सगळीकडे कोरडं. जिन्याजवळच्या कोपऱ्यात मात्र बोटांना गार लागलं.

"तिथे येतंय अजून थोडं," बाई मशिनीवरून मान न उचलता म्हणाल्या.

"भिंतीतनं येतंय ते. दिवाळीनंतर बगतो."

"ये. जनालाही घेऊन ये."

परसात नळातून पाण्याची बारीक धार पडत होती. बाईंनी तिच्याखाली अळू लावलं होतं.