बाटली क्रमांक सातचं निवेदन

विषय : सिलिकॉनची भुकटी पुन्हा भट्टीत घालण्याबाबत.
संदर्भ : ताईंचा अर्ज, दिनांक नऊ.

वरील विषयास अनुसरून मी, बाटली क्रमांक सातमधली भुकटी, बोलतेय.

मी मूळची चकचकीत खडा. माझे अणू शिस्तीत ओळीने उभे असत. मग इथे संशोधन करणाऱ्या ताईंनी मला पोलादी गोळ्यांबरोबर डब्यात घालून चाळीस तास घुसळलं. मी बारीक झाले, पण ओळ मोडली. कवायत सुटल्यावर पोरं पांगतात, तसे माझे अणू. तेव्हापासून अंगाला स्वस्थता ठाऊक नाही.

यावर इलाज एकच. हजार अंशांची धग, भोवती हवेला दूर ठेवणारा आरगॉन वायू, मग सावकाश थंड होणं. निम्मी मी भट्टीत गेले. अणू जागा शोधू लागले. भट्टी विझली आणि भट्टीवाल्या काकांनी लगेच गॅसची चावी फिरवली.

ताई धावत आल्या. "काका, गॅस बंद केलात?"

"भट्टी बंद, गॅस बंद. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. विझलेल्या चुलीला कोणी फुंकर घालतं का?"

"अहो, आत अजून आठशे अंश आहे! हवा शिरली ना!"

"इतकी वर्षं इथे विटा भाजल्या, त्यांनी कधी तक्रार केली नाही हो."

"विटांना हवा बाधत नाही, काका. हिला बाधते."

क्ष-किरणांच्या आलेखात माझी शिखरं उंच, सडपातळ झाली होती. म्हणजे ओळ लागली होती. पण शेजारी काचेचं टेंगूळ. हवेने माझ्यावर काचेची साल चढवली होती. तो भाग वाया गेला.

आता बाटलीत उरलेय चार ग्रॅम. एकदाच पुरेन. ताईंची मुदत तीसला संपते. निकाल नाही तर प्रबंध नाही. आणि विझलेल्या भट्टीत गॅस सोडायला कार्यालयाची लेखी मंजुरी लागते.

अर्जावर शेरा पडला : 'चर्चा करावी.' कोणी, कोणाशी, हे लिहिलेलं नाही. शेरा मारणारे साहेब दौऱ्यावर आहेत.

काका रोज कार्यालयात खेटे घालतात. काल म्हणाले, "चूक माझी, सहीही माझीच घ्या." कारकून म्हणाला, "तुमची सही चालत नाही, काका." परत येऊन काकांनी चावीला पुठ्ठा बांधला : 'भट्टी गार होईपर्यंत हात लावू नये. मीसुद्धा.'

ताईंनी माझी बाटली तीनदा पुसली. भट्टी रिकामी आहे, सिलिंडर भरलेला आहे. मी बाटलीत तशीच सैरभैर.

आज अठ्ठावीस तारीख. अर्ज प्रलंबित आहे.