अंकुशनं माईक घेतला

सिहोऱ्याच्या मंडईत भोंगा माझा असतो. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. दुपारी दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ रंगतो, लेकी माहेरी येतात आणि गर्दीतल्या गर्दीत सोयरिकी जुळतात. अशा दिवशी माझ्या माईकवरून हरवलेलं पोरगं आणि सापडलेली चप्पल, एवढंच बोलायचं असतं. अंकुशनं यंदा ती रीत मोडली, आणि झकास मोडली.

अंकुश राईस मिलमध्ये ऑपरेटर आहे. अड्याळच्या हिरालालजींची लेक रीना त्याला ठरली होती आणि लग्नाची तारीख या मंडईतच पक्की व्हायची होती. म्हणून हिरालालजी, रीना आणि तिचा भाऊ श्रावण असे सगळे आले होते. हिरालालजी हसायच्या आधीसुद्धा विचार करणारा माणूस.

बाजारामागच्या खोलीत कुण्या बाहेरगावच्या ‘डॉक्टर’नं दुकान मांडलं होतं. पुरुषाचं खालचं अंग जाड करणारं जेल, एका सुईत काम! दाराशी लग्नाळू पोरांची रांग, आणि रांगेत श्रावण. अंकुशनं त्याला बाजूला घेऊन नको म्हटलं. श्रावण हसला आणि तुम्हाला काय माहीत, असं म्हणून परत रांगेत जाऊन उभा राहिला.

अंकुशला सगळं माहीत होतं. मागच्या वर्षी त्यानं तीच सुई घेतली होती, आणि घरी हर्निया सांगून नागपूरला कापाकापी करून घेतली होती. दवाखान्यात सोबत मीच होतो. आता श्रावण ऐकेना म्हणून तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, एकट्या श्रावणला काय ते सांग, गावभर बोभाटा कशाला, लग्न मोडेल. बाकीची पोरं कोणाचीच नाहीत का, असं त्यानं विचारलं आणि माईक घेतला.

“मी अंकुश. मांगच्या वर्षी माहं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. त्या खोलीत जे टोचून राहिले, ते मी टोचून घेतलो होतो. गाठी झाल्या, पू झाला. लाजेपायी डॉक्टरकडे उशिरा गेलो. ते म्हणाले, चांगल्या कंपनीचं जेल असलं तरी त्या जागी धोका रायते, अन् हे तर काय होतं तेच समजत नाही. पोरंहो, जाऊ नोका.”

दंडारीचा ढोल थांबला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला फार वाटलं. अंकुश मात्र मान वर करून उभा होता. एवढी छाती मी आमच्या अख्ख्या तालुक्यात पाहिलेली नाही.

हिरालालजी उठले, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि चालू लागले. गेली सोयरीक, मी मनात म्हटलं. पण ते थेट त्या खोलीकडे गेले आणि श्रावणला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. मग रांगही पांगली. डॉक्टर बॅग आवरून पळत होता, त्याला पोलीस पाटलानं अडवलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं रीना उठून आली. सगळी मंडई बघत होती. ती अंकुशसमोर उभी राहिली आणि तिनं हळूच विचारलं,

“आता दुखते का जी?”

एवढ्या लोकांसमोर न डगमगता बोललेला अंकुश तेव्हा रडला.