दार लागलेली वाट

मित्रांनो, वाटांना सहसा छप्पर नसतं. मला आहे. मी एक जुनी वाट आहे, काउका नदीच्या खोऱ्यातल्या एका विद्यापीठाच्या आवारातली.

विद्यापीठ आलं त्याआधी मी उसाच्या फडातली साधी पायवाट होते. ग्वायाबाल वस्तीतली माणसं माझ्यावरून बाजारात जायची आणि कुणी वारलं की दफनभूमीलाही. मग शहर मोठं झालं, ऊस तुटला आणि त्या जमिनीवर विद्यापीठनगरी उभारायचं ठरलं. आराखडा करायला लेओनिदास बोरेरो नावाचा तरुण वास्तुविशारद आला. त्याने बांधावरच नकाशा पसरला. एर्मिनिया काराबाली नावाची पाववाली डोक्यावरची टोपली सावरत तो बघायला थांबली.

"साहेब, यात आमची वाट कुठंय?"

लेओनिदासने नकाशात बरंच शोधलं. "नाहीये," तो ओशाळून म्हणाला.

"मग आमची मढी काय उडत जाणार?"

तो हसला नाही. त्याने पेन्सिल काढली आणि मला नकाशात घेतलं. पुढे वरिष्ठांशी भांडून त्याने माझ्यावर काँक्रीटचं छप्पर घातलं, खाली लाल फरशी बसवली. "आवाराला भिंत नसेल," त्याने एर्मिनियाला सांगितलं, "आणि या वाटेला दार नसेल."

"शब्द देताय, की नुसतं तोंड गोड करताय?"

"शब्द देतोय."

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. पाऊस आला की विद्यार्थी, प्राध्यापक, बाजारच्या बायका, सगळे माझ्या छपराखाली दाटीवाटीने उभे राहायचे. दूरदूरच्या देशांतून माणसं मला बघायला यायची. शहर आणि विद्यापीठ असं जोडावं, असं म्हणायची. एर्मिनिया खांबाशी बसून पांदेबोनो म्हणजे चीजचे गरम पाव विकायची. आता प्राध्यापक झालेला लेओनिदास दिसला की हाक मारायची, "अहो साहेब, छप्पर गळतंय तुमचं! पाव भिजले तर भरून देणार का?" तो भिजलेलेच पाव मागून घ्यायचा आणि तिच्याशेजारी बसून खायचा.

मग दंगलीचे दिवस आले. दगड उडाले, अश्रुधुराने माझे खांब काळवंडले. विद्यापीठाने भिंत बांधायची ठरवली. लेओनिदास बैठकांमध्ये घसा सुकेपर्यंत बोलला आणि हरला. शेवटी एवढंच मिळालं, की मी जिथे भिंतीला भिडते तिथे लोखंडी दार राहील आणि दिवसा ते उघडं असेल.

तो हे सांगायला आला तेव्हा एर्मिनिया टोपली आवरत होती.

"दार उघडंच राहील, एर्मिनियाबाई."

"साहेब, उघडं ठेवायचं असतं तर दार कशाला लावलं असतं?"

वर्षभरात दाराला कुलूप लागलं आणि शेजारी पहारेकरी बसला. वस्तीची माणसं भिंतीला वळसा घालून हमरस्त्याने जाऊ लागली. एर्मिनिया पुन्हा कधी माझ्यावर बसली नाही. लेओनिदास तिच्या घरी पाव घ्यायला जायचा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. ती पाव द्यायची. छपराची थट्टा मात्र कधी करायची नाही.

एका सकाळी दारापलीकडून शोकगीत ऐकू आलं. एर्मिनिया गेली होती. तिच्या माणसांनी शवपेटी खांद्यावर घेऊन सरळ माझीच दिशा धरली होती. सगळ्यांत मागे काठी टेकत लेओनिदास होता.

पहारेकरी गोंधळला. "ओळखपत्र असल्याशिवाय आत सोडता येत नाही हो."

"हिचं ओळखपत्र मागतोस?" कुणीतरी पेटीकडे बोट दाखवून ओरडलं.

लेओनिदास पुढे झाला. "बाळा, ही वाट मी बांधलीय. पलीकडे जाऊ दे. कुणी काही मोडणार नाही."

"आजोबा, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण माझी नोकरी जाईल. घरी तीन तोंडं आहेत."

लेओनिदासने दाराचे गज दोन्ही हातांनी धरले. कपाळ लोखंडाला टेकलं. तो काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही. कदाचित ते माझ्यासाठी नव्हतंच. मग एर्मिनियाच्या लेकीने त्याचा दंड धरला. "चला काका. ऊन चढतंय. आई वाट बघत्येय." आणि ती सगळी माणसं ट्रकांच्या धुरातून लांबच्या रस्त्याने निघाली. ते गाणं भिंतीबाहेरून सरकत गेलं आणि गाड्यांच्या आवाजात बुडून गेलं.

लेओनिदास त्यानंतर इकडे आला नाही. माझ्या छपराला तडे गेलेत, फरशीवर शेवाळ चढलंय. अधूनमधून कामगार येतात, रंगाचा हात मारून जातात. बघणाऱ्यांना वाटतं, काय छान जपलंय!

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे होऊन शहरं आखाल, आवारं बांधाल. तेव्हा आधी बांधावर उभे राहा आणि तिथून कोण कुठे जातं ते विचारा. मला रंग नको, माझ्या नावाची पाटी नको. वाटेची निगा पायांनी राखली जाते. पावलं पडू लागली, की शेवाळ आपोआप जातं.