डब्यावरचा चहा

जोतीराम मिस्त्रीच्या वर्कशॉपात तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर बसून मिस्त्री चहा प्यायल्याशिवाय एकही लोडर गेटच्या बाहेर गेला नव्हता. कागलच्या एमआयडीसीपासून खाली गडहिंग्लजपर्यंत ज्याच्या ज्याच्या ट्रॅक्टरला पुढं लोडर होता, त्या प्रत्येकाला हा डबा ठाऊक होता.

रीत अशी होती. लोडरचे जॅक, म्हणजे बकेट उचलणारे ते दोन लांब सिलिंडर, खोलायचे, धुऊन-पुसून आतलं तेल धरून ठेवणारी नवी रबरी सीलं घालायची आणि परत चढवायचे. मग बकेटमध्ये शिगोशीग खडी भरायची, बकेट माणसाच्या उंचीच्या वर न्यायची आणि इंजिन बंद करायचं. त्यानंतर मिस्त्री डबा उचलून बरोबर त्या बकेटखाली जाऊन बसणार, कप मागवणार आणि फुर्र फुर्र करत सावकाश चहा पिणार. चहा संपेस्तोवर बकेट बोटभर जरी खाली आली, तरी जॅक परत खोलायचे. नाही आली, तर गिऱ्हाइकानं किल्ली घ्यावी आणि खुशाल जावं.

ही रीत जोतीरामला उद्यमनगरातल्या त्याच्या वस्तादानं, केरबा मिस्त्रीनं घालून दिली होती. केरबाला जाऊन जमाना झाला, पण त्याचं एक वाक्य जोतीरामनं देवाच्या नावासारखं जपलं होतं. "हात ज्याचा, मान त्याची." ज्यानं काम केलं, त्यानंच आपली मान खाली ठेवायची, दुसऱ्याची नाही. शहाणीसुरती माणसं याला वेडेपणा म्हणत. एका कारखान्याच्या सेफ्टीवाल्या साहेबानं तर मिस्त्रीसमोर चक्क हात जोडले होते. आणि खरं सांगायचं तर तो वेडेपणाच होता. पण लोकांना पावतीपेक्षा असला वेडेपणा जास्त पटतो, त्याला काय करणार?

घरात मात्र तो त्याच्या बायकोला, बाळाबाईला, पटत नव्हता. लोडर गेला की संध्याकाळी ती नवऱ्याला पाटावर बसवायची, मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत धरून त्याच्यावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. "गिऱ्हाइकं वाहवा करत्यात, दृष्ट लागत्या ती मला काढाय लागत्या," म्हणायची. "तुमचा चहा हुतोय, पण एक दिस माझं कपाळ पांढरं व्हईल." मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असं ती धरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवायची.

आता मिस्त्री थकला होता. साखरेनं बोटं बधिर झाली होती. पूर्वी जॅकच्या रॉडवरून नुसतं नख फिरवलं की केसाएवढा ओरखडा त्याला सापडायचा. आता नखाला काही कळत नव्हतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. काम सगळं त्याचा मुलगा विजयसिंह बघत होता. पोराच्या हातात कला होती, हे मिस्त्री कुणाच्याही तोंडावर कबूल करायचा. सील कोमट तेलात मऊ करायचं, स्क्रू-ड्रायव्हर न लावता बोटांनी दुमडून खाचेत बसवायचं, हे विजय असं करायचा की बघत राहावं. दोन लहान मुलींचा बाप झाला होता, पण कामाला बसला की मान वर करत नसे.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. हात विजयचा होता आणि मान अजून जोतीरामचीच होती. बकेट वर गेली की विजय स्वतः डबा पुसून बापापुढं धरायचा. "आबा, बसा. गिऱ्हाईक तुम्हाला बघाय येतंय, मला न्हवं." मिस्त्रीला वाटायचं, पोरगा मान देतोय. मूर्ख कुठला! पण बापाच्या जातीला असले मूर्खपणे माफ असतात.

बाळाबाईला मात्र ते कधीच रुचलं नव्हतं. "काम त्यो करतोय, तर त्यानं बसावं. न्हाय तर त्यो डबा भंगारात घाला."

"बसंल की," मिस्त्री म्हणायचा. "पोरगा माझा हाय."

त्याला एवढंच हवं होतं. एक दिवस विजयनं न सांगता डबा उचलावा, बकेटखाली जाऊन बसावं आणि म्हणावं, आबा, आज चहा माझा. की त्याच दिवशी वर्कशॉपची किल्ली, पाटीवरचं नाव, सगळं त्याच्या हवाली करून जोतीराम घरी बसायला मोकळा. पण "तू बस" असं तोंडानं सांगायला तो धजत नव्हता. सांगितलं आणि पोरगा नाही म्हणाला, तर?

त्या आठवड्यात गडहिंग्लजकडची तेजस्वी तिचा लोडर घेऊन आली. मोठा गोठा होता तिचा. नवरा बँकेत होता आणि गोठ्याचा सगळा कारभार हिच्या हातात. ड्रायव्हर कृष्णातला घेऊन ती स्वतः आली होती आणि बोलणं तर असं की ऐकणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं.

"मिस्त्री, बकेट वर धरली की झोपाय लागत्या," ती म्हणाली. "माझ्या बाया तिच्याखालनं शेणाच्या पाट्या उचलत्यात. मला नुसतं चालू करून नको. मला इश्वास पायजे."

जॅक खोलले. डावा बरा निघाला. उजव्याच्या रॉडला मात्र गंजाचे खड्डे पडले होते आणि टोकाला, पिन बसते त्या कडीपाशी, कुणीतरी पूर्वी वेल्डिंग मारलं होतं. मिस्त्रीनं बॅटरी लावून, अगदी नाकाशी धरून पाहिलं. वेल्डिंग ओबडधोबड होतं, एका जागी खाली बसलेलं आणि तिथंच बारीक चीर गेलेली.

"ह्यो रॉड भंगारात," तो म्हणाला. "ताई, नवा रॉड घालू. ही कडी निसटली, तर एका जॅकवर सगळा भार येतोय. मग काय खरं न्हाई."

"घाला. पर मला सोमवारी गाडी पायजे."

"सोमवारी मिळंल," विजय म्हणाला.

त्याच दिवसांत मिस्त्रीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. शाहूपुरीतल्या डॉक्टरनं डोळा केला, काळा चष्मा दिला आणि धूळ-धूर टाळा म्हणून बजावलं. मिस्त्री घरी पडून राहिला. जीव वर्कशॉपात होता. फोन करून विचारायचा, "रॉड आला का?" विजय म्हणायचा, "आला, आबा. निवांत पडा."

सोमवारी काळा चष्मा लावून मिस्त्री वर्कशॉपात आला, तेव्हा लोडर तयार होता. दोन्ही जॅकना ताजा पिवळा रंग, रॉड चकचकीत. तेजस्वी आणि कृष्णात आधीच येऊन थांबले होते. खडी भरली, बकेट वर गेली, इंजिन बंद झालं. विजयनं डबा पुसून बापापुढं धरला.

"बसा, आबा."

मिस्त्री बसला. चहा आला. पहिला घोट घेऊन त्यानं सवयीनं वर बघितलं. काळ्या काचेतून नीट दिसेना, म्हणून चष्मा काढून खिशात घातला. आणि गेल्या कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं इतकं लख्ख दिसलं. बकेटच्या बुडाची झीज दिसली. पाइपावरचे नवे क्लिप दिसले. उजव्या रॉडची कडी दिसली. ताज्या रंगाखाली ओबडधोबड उंचवटा होता आणि एका जागी तो खाली बसलेला होता.

जुनाच रॉड. वरून घासून, पॉलिश मारून, रंग लावून चढवलेला.

मिस्त्रीनं नजर खाली आणली. विजय ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ उभा होता, बकेट आडवी-तिडवी कशीही कोसळली तरी पोचणार नाही इतका लांब. तो बापाकडं बघत नव्हता. तो त्या कडीकडं बघत होता.

 मिस्त्रीला मरणाची भीती वाटली नाही. असल्या भीतीला तो कधीच सरावला होता. पोराला माहीत होतं, आणि तरी त्यानं डबा पुसून पुढं धरला, हे त्याला सहन होईना. पोरगा इतकी वर्षं मान देत नव्हता. बापाची मान म्हणजे त्याच्या कामावर मारायचा फुकटचा शिक्का होता, आणि तो त्यानं आजही मारून घेतला होता.

चहा अर्धाच झाला होता. मिस्त्री उठला, बकेटखालून बाहेर आला.

"विजय, आता तू बस."

विजय हसला. "काय आबा, चेष्टा करताय व्हय?"

"हात तुझा हाय. बस."

"आबा, गिऱ्हाईक थांबलंय. बकेट हालली न्हाई, बघितलं न्हवं सगळ्यांनी?"

"बस म्हणतोय न्हवं मी!"

मिस्त्रीचा आवाज एवढा चढला की शेजारच्या गाळ्यातली ग्राइंडरची घरघर थांबली. तेजस्वी एकदा बापाकडं, एकदा लेकाकडं बघत होती. विजयनं डब्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं. त्याचे पाय जागचे हालले नाहीत. मग तो बापाच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या पोरी ल्हान हाईत, आबा."

बस्स, एवढंच. मिस्त्रीला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यात कबुली होती आणि हिशोबही होता. पोरी लहान आहेत, म्हणून त्यांच्या बापानं बसायचं नाही. आणि ज्याचं पोरगं मोठं झालं, त्यानं बसायला हरकत नाही.

"ताई," मिस्त्री तेजस्वीकडं वळला, "गाडी वापरू नका. रॉड जुनाच हाय. वेल्डिंगवर रंग मारलाय."

"आबा!" विजय ओरडला. "नव्या रॉडला क्रोमचा थर देऊन मिळाय आठ दिस लागत हुतं. ह्यास्नी सोमवारी पायजे हुती. मी काय करणार? आनि पडली का बकेट? न्हाई न्हवं? तुम्हीच म्हणता, चहा संपस्तोवर खाली आली न्हाई की काम पास!"

 एवढ्यापुरता पोरगा खोटं बोलत नव्हता. डब्यावर बसून सील कळतं, चीर कळत नाही. तरी सगळा जिल्हा त्याच्या बसण्यावर भुलला होता आणि सगळ्यांत जास्त भुलला होता तो स्वतः. मान ठेवली की काम चोख, असं धरून चालला होता. मान कुणाची आहे याचं कामाला काय सोयरसुतक?

तेजस्वीनं आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "मिस्त्री, तुम्ही बसला म्हणून मी गाडी नेणार हुतो," ती म्हणाली. "उद्या माझ्या बायांच्या डोक्यात पडली असती, तरी मी म्हणालो असतो, मिस्त्री बसला हुता की." मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "कृष्णात, खडी वत. बकेट खालीच ठिवून न्यायची. दुसरीकडं बघू."

लोडर गेला. त्याच्यामागं गेट लावायलाही कुणी उठलं नाही. विजय पान्हे आवरत बसला आणि मिस्त्री उभ्यानंच उरलेला गार चहा जमिनीवर ओतून मोकळा झाला. 

संध्याकाळी घरी आले. विजय मोरीवर हात धुवायला गेला. बाळाबाईनं विचारलं, "लोडर गेला का?"

"गेला."

"बसला हुता?"

मिस्त्रीला सगळं सांगायचं होतं. वाटेनं येताना त्यानं शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण बायकोच्या तोंडाकडं त्याचं लक्ष गेलं. तुझ्या लेकानं मला मरणाखाली बसवलं आणि स्वतः लांब उभा राहिला, हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? ती जगेल कशी?

"आज विजय बसला," तो म्हणाला.

मोरीवरचं पाणी वाहत राहिलं. विजयचे साबणाचे हात तसेच थांबले.

"अगं बाई!" बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. भ्यायली होती आणि आनंदलीही होती. डोळ्यांत टचकन पाणी आलं तिच्या. "म्हणलं हुतं न्हवं मी, माझा वाघ हाय त्यो! थांब, मीठमोहऱ्या आणतो. ये रं, पाटावर बस."

मिस्त्री लेकाकडं बघत राहिला. आता बोलेल, असं त्याला वाटलं. आई, मी न्हाई बसलो, एवढंच म्हणेल. एवढं जरी म्हणाला, तरी त्याला पोटाशी धरायला बाप तयार होता.

विजयनं नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले. बापाच्या नजरेला नजर न देता तो आला, मांडी घातली आणि पाटावर बसला. दोन्ही पोरी खिदळत बापाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. बाळाबाईनं मूठ आवळून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला सुरुवात केली. "आल्याची, गेल्याची, गिऱ्हाइकाची, वाटसराची, माझ्या लेकराला कुणाची दृष्ट लागली आसंल, ती निघू दे." मग तिनं मूठ चुलीत टाकली.

मिरच्या तडतडल्या आणि धूर असा उसळला की सगळं घर खोकायला लागलं. पोरी डोळे चोळत बाहेर पळाल्या.

"काय सुदिक दृष्ट न्हाई की लागली," बाळाबाई खोकता खोकता नवलानं म्हणाली. मग तिचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "अवो, धूर टाळा म्हणलाय न्हवं डाक्टर! चष्मा घाला की त्यो."

जोतीरामनं खिशातून काळा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. विजय अजून पाटावरच बसला होता.