म चा आठवडा

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे थोरली म्हणत. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी, आणि साठी जवळ आली तरी अक्षरओळख नाही. कोठीतून सामान काढून देणारी मामी तिची जिवाभावाची. बावीस वर्षं दोघींनी एकाच पालथ्या पिंपावर बसून चहा घेतला होता.

अक्षरांचा आठवडा थोरलीच्याच डोक्यातून निघाला. पथ्याचं जेवण म्हटलं की आजारी माणसांची तोंडं वाकडी व्हायची. ती मामीला म्हणाली, आठवड्याला एकच अक्षर धरू. त्या अक्षराचं जे जे अंगी लागणारं असेल ते ताटात वाढू. उद्या काय येणार ते ओळखण्याच्या नादात दोन घास जास्त जातील, आणि जाता जाता माझीही अक्षरं होतील.

मामी हसली, पण तिनं फळा आणला. पहिला आठवडा क चा: काकडी, कोबी, कलिंगड. पहिलं अक्षर लाल खडूनं, बाकीची पांढऱ्या. मग पालक, पेरू, पपई. मग बीट आणि बेदाणे. बेदाणे माणशी चारच, पण खाटेखाटेवर चर्चा त्यांचीच. ताटं रिकामी परत यायला लागली. मोठे डॉक्टर येऊन फळा बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी फळ्याच्या तळाशी एक ओळ आली. मामीनं बोट ठेवून दाखवलं.

"हे तुझं नाव. कल्पना कोणाची, ते लोकांना कळू दे."

थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी ती फळा पुसायची, पण त्या ओळीला फडका लागू द्यायची नाही. घरी परातीतल्या पिठात बोटानं तेच नाव गिरवायची आणि नवऱ्याला दाखवायची. त्यालाही वाचता येत नव्हतं. तो कौतुकानं मान डोलवायचा.

एकदा तिनं विचारलंही होतं, थो-र-ली असे तीन ठोके पडतात, मग इथे दोनच अक्षरं कशी? मामी म्हणाली, मोठ्या माणसांची नावं आवरून लिहितात. थोरलीला ते पटलं. बावीस वर्षांच्या चहावर तिचा विश्वास होता.

म चा आठवडा मात्र काही येईना. मटार, मका, मुळा, मसूर, मोसंबी, मध. इतकं भरल्या घरासारखं अक्षर दुसरं नाही, असं थोरली म्हणायची. मामी दर वेळी काहीतरी खोट काढायची. मटार किडका, मुळ्याला वास, मोसंबी आंबट. मग मामीचा गुडघा सुजला, ती आठ दिवस रजेवर गेली, आणि नेमकी त्याच आठवड्यात भाजीवाल्यानं मटाराची पोती आणून टाकली.

पाय मोडून पडलेले एक मास्तर होते. थोरली कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी ठसठशीत म काढून दिला आणि खाली सहाही जिनसांची नावं लिहून दिली. "माझंच अक्षर आहे बाई, जपून वापरा," म्हणाले.

ती फळ्यापाशी उभी राहून कागदावरचं एकेक नाव उतरवत गेली. हात खाली खाली येत तळाच्या ओळीशी थांबला. तिथे तेच अक्षर होतं. एकदा नाही, दोनदा. काकडीतला काना तिला येत होता, काकडीतली वेलांटीही येत होती. तिनं ओठ हलवत वाचलं. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून पुन्हा वाचलं. मग ती ओळ कागदावर उतरवून मास्तरांकडे नेली.

"मामी," मास्तर म्हणाले. "कोठीवरच्या ना? डोकेबाज बाई. त्यांच्यामुळे मी कोबी खायला लागलो."

थोरलीनं कागदाची घडी घातली. तिला परातीतलं पीठ आठवत होतं, आणि मान डोलवणारा नवरा.

मामी लंगडत कामावर आली तेव्हा फळ्यावर म चे सहा जिन्नस होते, पहिली अक्षरं लाल. तळाच्या नावातला पहिला म देखील लाल होता.

मामीचा चेहरा उतरला. ती सांगत राहिली, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून माझंच नाव निघून गेलं, मग मागे फिरता येईना, रोज सांगायचं ठरवत होते. थोरली मटार सोलत राहिली.

"माझं नाव गाळलंस, ते एक वेळ गिळलं असतं," ती म्हणाली. "पण तुझं नाव तू माझं म्हणून मला गिरवायला लावलंस."

मामीनं फडका उचलला. पुसते, तुझं लिहिते, म्हणाली.

"राहू दे. थ तेवढा काढून दे. त्या अक्षराची भाजी नाही, म्हणजे त्याचा आठवडा काही यायचा नाही."

मामीनं कागदावर थ काढला. थोरलीनं हात पुसले, कागद घेतला आणि मास्तरांच्या खाटेकडे चालू लागली, हाच थ ना, ते विचारून घ्यायला.